ऑस्टली हाउसची तुळई

पबचं दार आतून लावून घेतल्यावर ह्युबर्ट स्नेलनं भाचरांना ही गोष्ट सांगितली. ज्याच्यावर ती बेतली, तो क्लाइव्ह पर्किस त्याच्याबरोबर उभा जन्म सुतारकाम करत आलेला, त्यामुळे थापा म्हणून सोडून द्यायची सोय नव्हती.

गेल्या नोव्हेंबरातला शेवटचा शुक्रवार. रात्री वादळ येणार होतं, म्हणून क्लाइव्ह आणि त्याची लेक टॅमसिन अंधार पडल्यावर, ज्या जुन्या घराचं काम चालू होतं त्या ऑस्टली हाउसला परत गेले. जुन्या स्वयंपाकघराच्या धुराड्यात ताडपत्री बांधायची आणि घरी जेवायला यायचं, एवढंच काम.

तिथलं चुलाण माणूस आत उभा राहील एवढं, आणि त्याच्या तोंडावर ओकची अख्खी तुळई आडवी आहे. तिच्यावर मेणबत्तीनं जाळलेल्या, थेंबासारख्या खुणा होत्या. धुराड्यातून घरात काही उतरू नये म्हणून जुने सुतार त्या मुद्दाम जाळत. नव्या मालकीणबाईंना ते डाग वाटले. क्लाइव्हनं दुपारीच रंधा मारून तुळई कोरी केली होती.

“बाबा, ठेवायला हव्या होत्या,” टॅमसिन म्हणाली.

“का? चारशे वर्षांपूर्वीचा सुतार भांडायला येईल?”

“आला तर तुम्हालाच पुढे करीन. तुमची बडबड ऐकून आल्या वाटेनं जाईल.”

ती हसत चुलाणात शिरली. डोकं आणि खांदे धुराड्यात गेले.

“बाबा... वारा वर ओढतोय.”

“टोपी सांभाळ.”

तिचे बूट जमिनीवरून उचलले गेले.

क्लाइव्हला आधी थट्टा वाटली. मग वर हाड मोडलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज. टॅमसिन किंचाळली. त्यानं तिचे पाय धरले. वरून हिसका बसला, त्याचं कपाळ तुळईवर आपटलं. पुन्हा हिसका. विटा कोसळल्या. त्याच्या तोंडावर काजळी पडली, मग गरम रक्त.

तो ओढत होता. वरचं... त्याहून जोरानं ओढत होतं.

“मग, मामा?”

स्नेलनं पेला खाली ठेवला.

क्लाइव्हला एक हात सोडावा लागला. शेजारी जुना रंग जाळायची गॅसची बत्ती होती, बटणावर पेटणारी. त्यानं ती तुळईवर धरली. ओकवर थेंबासारखा काळा डाग उठला. वर काहीतरी गुरगुरलं. ज्योत सरकवली. त्याची बाही पेटली. कातडी सोलवटली. त्यानं हात मागे घेतला नाही. आणखी एक डाग...

एकदम सगळं सुटलं. टॅमसिन त्याच्या अंगावर कोसळली. श्वास होता.

इस्पितळात तिचा खांदा जोडला, डोक्याला टाके घातले. पोरगी वाचली. पहाटे नर्सनं क्लाइव्हला सहज विचारलं, “इतकी सुरेख वेणी कुणी घातली हो हिची?”

चुलाणात शिरताना तिचे केस मोकळे होते. त्यानं स्वतः पाहिले होते.

आता पाठीवर बारीक, घट्ट वेणी होती. टोकाला पांढरी फीत. फितीवर रक्ताचा थेंब नव्हता... काजळीचा कणही नव्हता.