तांबडीच्या पोटातली वस्ती

"डबा घट्ट लाव, ढब्बू! रस्त्यात उघडला तर मामी घरात घेणार नाही!"

"ताई, डबा मामीचाच आहे. कळल्यावर तसंही नाही घेणार!"

डब्यात तांबडी घोडीची कालची लीद होती! सुट्टीत मामाच्या तबेल्यावर आलेली ताई, ढब्बू आणि धाकटी चिंगी ती घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाली होती. तांबडी वाळत चालली होती. बरगड्या वर आल्या होत्या, पोट मात्र टम्म! "म्हातारी झाली," म्हणून मामा उद्या तिला विकून टाकणार होता. त्याच तांबडीनं तिघांना दौड शिकवली होती.

बाईंनी लीद मिठाच्या पाण्यात ढवळली, वर तरंगलेला थेंब काचेवर घेतला. चिंगीनं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पारदर्शक, लांबट अंडी! अन् एका अंड्यात वेटोळं घालून बसलेला जीव हळूच वळला.

"हा... हा जिवंत आहे!"

"जंत आहेत, बाळा. तिचं खाणं तेच फस्त करतायत. ही पिल्लं लिदीतून बाहेर पडतात, दवानं ओल्या गवताच्या पात्यावर चढतात आणि घोड्याची वाट बघतात."

ढब्बूनं ताईला बाजूला सारून स्वतः डोळा लावला. एवढासा जीव पातं चढतो!

बाई सूक्ष्मदर्शक घेऊन तबेल्यावर आल्या तेव्हा मामा भडकला. "जंताचं औषध मी स्वतः देतो!"

"दाखव ना मामा, कसं देतोस ते," चिंगी गोड आवाजात म्हणाली.

मामानं नेहमीसारखं आधी लाडानं मूठभर गवत भरवलं, मग पिचकारीनं तोंडात औषध सोडलं. "झालं!" म्हणत तो वळला.

"जाऊ नकोस!" चिंगीनं त्याचा सदराच धरला.

थपक! तांबडीनं चघळलेला गवताचा बोळा खाली टाकला. त्यावर सगळं पांढरं औषध!

"काल लीद भरताना असाच वाळलेला, पांढरा बोळा दिसला होता मला," चिंगी म्हणाली. मामानं वाकून तो बोळा उचलला.

बाईंनी तांबडीचं तोंड धुतलं, जिभेच्या पार मागे औषध सोडलं आणि ते गिळेपर्यंत तिची मान वर धरून ठेवली. मग मामानं सूक्ष्मदर्शकात पाहिलं. तो बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"एवढं सगळं पोटात घेऊन ही मला पाठीवर बसवत होती?" त्यानं तांबडीच्या मानेवरून हात फिरवला. "आणि मी हिला म्हातारी म्हणत होतो!"

त्यानं तिथूनच गिऱ्हाइकाला फोन लावला. "घोडी विकायची नाही!"

"शाबास रे पोरांनो!" बाई म्हणाल्या. मामानं तिघांना जवळ ओढलं. "मी रोज हिच्याकडे बघतो, पण हिला नीट पाहिलंत तुम्ही."