उजेडात फिके पडलेले मासे

ही गोष्ट मला कोणी सांगितलेली नाही. आमच्या रामनगरच्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर घडलेली आहे. खोटी वाटली तर वाटू दे.

उळवीची जत्रा संपली, त्याच आठवड्यातली रात्र.

मी नेत्रा, दहावीत. विज्ञान प्रदर्शनात माझा प्रयोग तालुक्यात पहिला आला, त्यामुळे माशांबद्दल मला कोणी शिकवू नये. अंधारात टाकीतल्या निऑन माशांचा लाल-निळा रंग उतरतो. लाईट लावली की हळूहळू परत येतो. मी टाकीच्या मधोमध जाळी लावली होती आणि एका बाजूला काळा कागद. कागदामागचे मासे फिके, उघड्यावरचे रंगीत. परीक्षक बघतच राहिले.

कागद मी कधीच काढून टाकला होता. जाळी तेवढी राहिली होती.

त्या दिवशी आई-बाबा लोंढ्याला लग्नाला गेलेले. सोबतीला शिवानंदमामा आला. येताना अणशीकडच्या एका डोहातून डबाभर बारके मासे घेऊन.

"मामा, हे आमटीसाठी काय?"

"आमटीत तुला टाकतो. रक्षीसाठी आणलेत. मागं लागली हुती न्हवं?"

रक्षा माझी बहीण, सहा वर्षांची. आनंदाने नाचली आणि टाकीशेजारच्या कॉटवर झोपून गेली.

"पकडलेस कशात?"

"काठावर बांबूला पांढरं फडकं बांधलेलं हुतं. सोडलं, पाण्यात पसरलं, भाताची शितं टाकली. मासे आले की चारी टोकं उचलली."

ते फडकं त्याने खुर्चीवर वाळत टाकलं होतं. खुर्ची टाकीच्या डाव्या अंगाला.

जेवण झालं. ट्यूब लख्ख चालू होती. माझं सहज लक्ष गेलं…

टाकीतले डावीकडचे निऑन मासे फिके पडले होते.

उजवीकडचे रंगीत. डावीकडचे… पांढरट, काचेसारखे.

"मामा, इकडे ये."

"आजारी पडले असतील."

"सगळे एकदम? आणि जाळीच्या एकाच बाजूचे?"

मी काचेपुढे हात धरला. हातावर उजेड पडत होता. आमच्या डोळ्यांना तिथं काहीच नव्हतं.

पण माशांना अंधार वाटत होता.

जणू ट्यूब आणि टाकीच्या मध्ये… कोणीतरी उभं होतं.

"नेत्रा, तुझं प्रदर्शन पुरे आता," मामा म्हणाला. पण तोही टाकीजवळ आला.

आम्ही बघत राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. हळूहळू डावीकडच्यांचा रंग परत आला.

आणि उजवीकडचे फिके पडायला लागले.

उजवीकडे रक्षाची कॉट होती.

तेवढ्यात मामाचा फोन वाजला. केशरमामी. तिचं माहेर अणशीकडचं. मामाने हसत फडक्याचं सांगायला सुरुवात केली…

मामीने त्याला मध्येच तोडलं.

"तुम्ही ते सोडलंसा?" मामी म्हणाली. "अवो, माणूस बुडालाय तिथं. घावला न्हाई अजून. त्यानं कुठल्या काठाला वर यायचं ते कळावं म्हणून बांधत्यात ते. घावल्याबिगार सोडायचं नसतंय. फडकं जिथं, तिथं तो येतोय."

मामाने खुर्चीकडे बघितलं. खानापूरचा माणूस, त्याला हे काय माहीत.

मी टाकीकडे बघितलं.

सगळे मासे रंगीत झाले होते. दोन्ही बाजूंचे.

म्हणजे टाकीसमोरून तो हलला होता.

मग आता…

"अक्का," कॉटवरून रक्षाचा आवाज आला. तिचे डोळे सताड उघडे होते. तोंडावर ट्यूबचा उजेड.

"अक्का, लाईट का घालवलीस?"

उजाडायच्या आत मामाने फडकं नेऊन बांबूला बांधलं. माणूस अजून सापडलेला नाही.

बेळगावच्या डॉक्टरांनी रक्षाचे डोळे तपासले, रक्त तपासलं. काही नाही म्हणाले. दिवसा ती खेळते, भांडते, माझी पेनं पळवते. पण दिवे लागले की तिच्या गालांचा रंग उतरायला लागतो. मग ओठांचा.

आई तिला ट्यूबखाली बसवून जेवू घालते. तिच्या आणि उजेडाच्या मध्ये घरातलं कोणीच उभं राहत नाही.

तरीही ओठ पांढरे पडतात.