डाव्या हातावरचा नंबर

मी लिफ्ट तपासतो. इमारतींमधल्या, दवाखान्यांमधल्या, गोदामांमधल्या. दोर किती झिजलाय, ब्रेक किती वेळात धरतो, दार अर्धवट उघडं असताना पेटी हलते का, एवढं बघायचं आणि फॉर्मवर लिहायचं. एकोणीस वर्षं हेच करतोय. नवखा असताना मी एकदा 'दोर कमकुवत वाटतो' असं लिहिलं होतं, तर साहेबांनी तो फॉर्म माझ्याकडे भिरकावला होता. वाटण्याला आमच्याकडे रकाना नाही. तेव्हा पुढचं सगळं जसं घडलं तसं सांगतो. मला काय वाटलं तेही सांगेन, पण ते वेगळं धरा.

एका रविवारी मी मुलांना घेऊन थीम पार्कला गेलो. थोरला सात वर्षांचा. प्रत्येक गोष्टीवर हुज्जत घालतो म्हणून त्याची आई त्याला वकीलसाहेब म्हणायची. धाकटी चार वर्षांची, चिंगी. त्यांच्या आईला जाऊन चौदा महिने झाले होते. तिच्यामागे आम्ही तिघं पहिल्यांदाच कुठेतरी निघालो होतो. वर्गातल्या सगळ्यांनी ते पार्क पाहिलं, आपणच राहिलो, हे टुमणं थोरल्याने महिनाभर लावलं होतं. मीच टाळत होतो. दोन मुलं, एक मोठा माणूस आणि गर्दी, हे मला जमेल याची खात्री नव्हती.

गर्दीत शिरण्याआधी आमच्या घरात एक गोष्ट ठरलेली असे. गाडीतून उतरलं, की प्रत्येक मुलाच्या डाव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, बॉलपेनने फोन नंबर लिहायचा. ही त्यांच्या आईची पद्धत. ती लिहायची, मी हात धरून ठेवायचो, आणि गुदगुल्या होतात म्हणून चिंगी पाय आपटत खिदळायची. त्या दिवशी धरायलाही मी आणि लिहायलाही मीच. बॉनेटवर एकेकाचा हात टेकवून मी नंबर लिहिले.

"मी आता दुसरीत आहे," थोरला म्हणाला. "मला नंबर पाठ आहे."

"असू दे. हात सरळ ठेव."

चूक तिथेच झाली. कळायला मात्र दोन तास लागले.

आत सगळं जसं असतं तसं होतं. तळलेल्या पदार्थांचा आणि गरम प्लास्टिकचा वास, कुठूनतरी सतत वाजणारं तेच ते संगीत, उन्हात लांबच लांब रांगा. चिंगी लाकडी घोड्यावर तीनदा बसली. थोरला बोगद्यातल्या रेल्वेत बसला आणि अजिबात घाबरलो नाही असं पाच वेळा म्हणाला. मीही थोडा सैलावलो होतो. तिची आठवण येत होती, पण ती रोजचीच.

पाळण्याच्या रांगेत आमचा नंबर आता येणारच होता. पाळणा चालवणाऱ्या माणसाच्या खोपटावर तपासणीचा दाखला चिकटवलेला होता. आता लिफ्टवाल्याला दाखला दिसला की तो वाचल्याशिवाय पुढे जाईल का? तारीख बघितली, सही बघितली, शिक्का जरा पुसट होता म्हणून वाकून बघितला. पंधरा सेकंद. फार तर वीस.

उजव्या हातात थोरला होता. डावा हात रिकामा होता.

सुरुवातीला मी नुसतीच हाक मारली. मग ओरडलो. मग थोरल्याला ओढत घोड्यांपाशी धावलो, तिथून कारंज्यापाशी, तिथून परत पाळण्यापाशी. लाल फ्रॉक घातलेल्या मुली जगात किती असतात, ते मला त्या दिवशी कळलं. एका रखवालदाराने मला थांबवलं. थोरल्याच्या हातावरचा नंबर त्याला दिसला.

"हातावर नंबर लिहिलाय ना? मग घाबरता कशाला? कोणीतरी फोन करेलच."

माझा जीव जरा भांड्यात पडला. मी फोन काढून हातात धरला. तीन मिनिटं गेली, पाच गेली. फोन वाजेना. तेव्हा थोरला हात पुढे करून हळूच म्हणाला, "बाबा, पण हा तुमचा नंबर नाहीये."

मी बघितलं. माझंच अक्षर, दहाच्या दहा आकडे नीट, आणि नंबर तिचा.

माझा स्वतःचा नंबर मला कधीच धड पाठ नव्हता. मी स्वतःला कशाला फोन करू? इतकी वर्षं मुलांच्या हातावर जो नंबर लिहिला जाताना बघत आलो, तोच हाताने आपोआप उतरवला. आणि तो नंबर आठ महिन्यांपूर्वी मीच बंद केला होता. दुकानात जाऊन फॉर्म भरला होता, मृत्यूचा दाखला जोडला होता, पोच घेतली होती. म्हणजे माझ्या पोरीला कोणी उचलून घेतलं असेल, तिचा हात वाचून फोन लावला असेल, तर तो कुठेच वाजणार नव्हता.

रखवालदाराने मुख्य दारापाशी हरवलेल्या मुलांची खोली आहे असं सांगितलं, तशी मी थोरल्याला कडेवर घेऊन पळत सुटलो. तो कडेवर घेण्याइतका लहान राहिलेला नाही, पण त्याने माझी मान घट्ट धरली.

खोली लहानशी होती. दोन बाकं, पाण्याचं पिंप, भिंतीवर हसरे प्राणी रंगवलेले. टेबलामागे पिवळा टी-शर्ट घातलेल्या एक मावशी बसल्या होत्या. आणि बाकावर, पाय हलवत, चिंगी.

मी तिला उचललं. किती वेळ धरून उभा होतो, ते माहीत नाही.

"झालं का फिरून?" मावशी म्हणाल्या. "अहो, पोरगी हरवून पाऊण तास झाला. बायको बिचारी धावत आली, आणि तुमचा पत्ता नाही."

"कोण आली?"

"पोरीची आई, आणखी कोण! हातावरचा नंबर लावला, पहिल्याच रिंगला उचलला त्यांनी. आल्या, पाणी पाजलं, मांडीवर घेऊन बसल्या."

मी वही मागितली. त्यांनी जरा तोंड वाकडं करून ती माझ्यापुढे सरकवली. बारा वाजून दहा मिनिटं, मुलगी सापडली. बारा चौदा, आईशी बोलणं झालं. बारा वीस, आई हजर. शेवटच्या रकान्यात सही. पहिलं अक्षर मोठं आणि पुढे नुसती रेघ. तशी सही मी बारा वर्षं पाहिली आहे.

पण तशी सही पुष्कळांची असते. मी स्वतःला बजावलं. बंद केलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देते. तो आता दुसऱ्या कुठल्यातरी बाईकडे असेल, ती इथेच आली असेल, भली असेल, हरवलेल्या पोरीजवळ येऊन बसली असेल. मी तिथल्या तिथे नंबर लावला. 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.' दोनदा लावला. दोन्ही वेळा तेच.

"दिसायला कशा होत्या?" मी विचारलं.

मावशींनी माझ्याकडे नीट बघितलं. भांडून आलेला नवरा समजल्या असाव्यात, कारण आवाज एकदम मऊ झाला. "साध्याच. आणि गडबड्या. चष्मा डोक्यावर ठेवलेला, आणि पर्समध्ये शोधतायत! शेवटी मीच सांगितलं, तर किती हसल्या."

घरीही तिचा चष्मा रोज असाच डोक्यावर सापडायचा. मी बाकावर बसलो.

"कुठे गेल्या?"

"तुम्हालाच शोधायला. आता पाच मिनिटांपूर्वी. चुकामूक झाली बघा."

आम्ही बाहेर आलो. चिंगी माझ्या खांद्यावर हनुवटी टेकवून मागे बघत होती.

"आई काय म्हणाली?" मी विचारलं. असं विचारायला नको होतं.

"म्हणाली, बाबांनी मला बोलावलं."

"आई मेलीये," थोरला म्हणाला. त्याचा आवाज चिरकला. "खोटं बोलू नकोस."

"नाही बोलत. तिच्या हाताला आपल्या साबणाचा वास येत होता."

समोर एक बाक होतं. मी त्यावर बसलो आणि दोघांना दोन बाजूंना बसवलं. खरं तर तेव्हाच घरी निघायला हवं होतं. पोरगी सापडली होती, दोघं दमली होती, उपाशी होती. पण त्यांची आई मला शोधायला गेली होती. शोधणाऱ्याने फिरायचं आणि हरवलेल्याने एका जागी थांबायचं, हे तीच मुलांना शिकवायची. म्हणून मी थांबलो. एकोणीस वर्षं ज्याने वाटण्याला रकाना दिला नाही, असा माणूस भर दुपारी बाकावर बसून हजारो बायकांचे चेहरे एकेक करून बघत होता. मला ती हवी होती. भास हवा होता असं नाही, खुलासाही नको होता. ती हवी होती, डोक्यावर चष्मा ठेवून माझ्यावर ओरडत येणारी.

तीन वाजले, चार वाजले. मुलांना मी तिथेच खायला आणून दिलं, तेही बाकावर बसलेल्या दोघांवरची नजर न हटवता. उन्हं उतरली. चिंगी माझ्या मांडीवर झोपली.

"बाबा," थोरला म्हणाला.

"काय रे?"

"माझ्या हातावरपण तोच नंबर आहे ना?"

"हो."

"मग मीपण हरवू का? थोडा वेळच?"

मी त्याचा हात इतका घट्ट धरला, की तो कळवळला.

पाण्याची बाटली आणि रुमाल काढून मी आधी चिंगीचा हात पुसला. शाई निळसर पसरली आणि मग गेली. थोरल्याने त्याचा हात पाठीमागे लपवला.

"दे इकडे."

"नको ना, बाबा."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. चौदा महिन्यांत तो माझ्यासमोर एकदाही रडला नव्हता. मी रुमाल खिशात ठेवला. मला जबरदस्ती करता आली असती. केली नाही, कारण मलाही तो नंबर पुसायचा नव्हता.

पार्क बंद होत असल्याची सूचना झाली. आम्ही तिघं उठलो.

गाडीत दोघांना मागे बसवलं, दोन खिडक्यांपाशी, नेहमीसारखं. पार्किंगमधून बाहेर पडणाऱ्या गाड्यांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. मी उजवीकडे वळायचा इंडिकेटर दिला आणि थांबलो. मागे दोघंही झोपली होती. अजून अंधार पडला नव्हता.

फोन वाजला.

तिने स्वतःचा नंबर माझ्या फोनमध्ये 'उचला' या नावाने ठेवला होता, कारण कामावर असताना मी फोन उचलत नसे. मी ते कधी बदललं नाही. पडद्यावर तेवढाच शब्द होता.

मी उचलला.

कोणी बोललं नाही. टक, टक, टक, असा बारीक आवाज येत होता. मी ऐकत राहिलो. मग मी इंडिकेटर बंद केला.

क्षणभराने फोनमधली टकटकही थांबली.

झोपेत चिंगी काहीतरी पुटपुटली. तेच पुटपुटणं लगेच माझ्या कानात आलं. अगदी जवळून, कोणी तिच्या तोंडाशी फोन धरावा तसं.

समोर आरसा होता. मी वर बघितलं नाही. बघितलं असतं आणि मागे कोणी नसतं, तर ते मला सोसलं नसतं.

"घरी येतेस?" मी विचारलं.

मागच्या सीटवर, मधल्या जागेचा पट्टा लागल्याचा आवाज झाला. आधी गाडीत, मग फोनमध्ये.