राणूला दुसरी हाक

हरिपाठ आटोपला, टाळ खुंटीला लागले, आणि तोतारामनानांनी समईची वात किंचित खाली ओढली. पुढ्यात प्रेमराज आणि मोनाली बसले होते. शनिवारी आपली कुत्री घेऊन सातपुड्याच्या पायथ्याशी तंबूत राहायचं, असा दोघांचा बेत होता. नाना म्हणाले, "जा. पण माझ्या भाच्याची हकीकत ऐकून जा. खोटं बोलणारा तो नव्हे."

हितेंद्र जळगावला राहतो. लहानपणी कडबाकुट्टीच्या यंत्रात त्याच्या डाव्या पायाची करंगळी गेली. तेव्हापासून तो कुणापुढे मोजे काढत नाही. घरी आई सुनंदाबाई अंथरुणाला खिळलेली, आणि तिच्या पायथ्याशी राणू कुत्रा. देवाचा नैवेद्य झाला, की पहिला घास राणूचा. त्यानं खाल्लं म्हणजे मगच आईच्या घशाखाली अन्न उतरे. ती स्वतःच म्हणाली, "माझ्यापाशी बसून तोही म्हातारा झाला रे. दोन दिवस रान दाखव त्याला. पण सोबत घेऊनच ये."

मार्गशीर्ष वद्य त्रयोदशी, शनिवार. यावलच्या पुढे एका धरणाच्या काठी तंबू लागला. कुत्र्यासकट राहू देणारं तेवढं एकच ठिकाण. त्या रात्री दुसरं कुणी आलेलं नव्हतं. राखणदार खाज्या चूल पेटवून पाड्याकडे निघाला, आणि थांबला.

"भाऊ, दिवा लागना का रानमा कोनलेबी नाव लिसन हाक मारानी नई. कुत्रालेबी नई. शिट्टी मारा."

"का बरं?"

"रान नाव शिकी लेस."

हितेंद्र हसला. "रान शाळेत जातं का, खाज्याभाऊ?"

खाज्या हसला नाही. "शिकाडनारा तुमीच शेतस," म्हणाला, म्हणजे शिकवणारे तुम्हीच आहात, आणि गेला.

रात्री एक वाजून वीस मिनिटांनी कोल्हे ओरडले. राणू उठला आणि अंधारात शिरला. हितेंद्र धडपडत बाहेर आला. शिट्टी मारायची, हे त्याला आठवलं नाही. आईचं बोलणं तेवढं आठवलं. त्यानं हाक मारली. तीनदा मारली.

राणू आला. धापा टाकत मांडीवर डोकं ठेवून बसला. हितेंद्रनं त्याचा पट्टा मुठीत घट्ट धरला, आणि विठ्ठलाचं नाव घेतलं. नाम घेतलं की येणारा येतो, ही आपली श्रद्धा. कोण येतो, ते मात्र…

"राणू…"

तंबूमागच्या नाल्याच्या बाजूनं.

आवाज हितेंद्रचाच होता. तोच बसका घसा. तीच काळजी.

राणूनं कान टवकारले. शेपूट हलली. तो उठला. हितेंद्रनं पट्टा ओढला… पट्टा हातात राहिला. कुत्रा सुटला होता.

"राणू!"

"राणू…"

कुत्रा मध्येच थांबला. त्यानं मागं पाहिलं. पुढं पाहिलं. हितेंद्रनं पुन्हा तोंड उघडलं. पण आता आपण जे बोलू, तेच तिकडूनही येईल… हे त्याला कळून चुकलं होतं.

तो गप्प राहिला.

तिकडचा आवाज गप्प राहिला नाही.

राणू नाल्यात उतरला. भुंकणं नाही. झटापट नाही. काहीच नाही…

आई त्यानंतर अकरा दिवस राहिली. रोज घास पुढं आला की दाराकडे बघायची. अन्न उतरलं नाही.

पण त्या पहाटेचं सांगायचं राहिलं. उजाडल्यावर खाज्या आला. दोघं नाल्यात उतरले. ओल्या रेतीत राणूची पावलं होती, आणि समोरून आलेली अनवाणी माणसाची. खाज्या वाकला, बराच वेळ बघत राहिला.

"भाऊ, बूट काढा."

हितेंद्रनं रात्रभर बूट काढले नव्हते. आता काढले. डावा मोजा काढला. रेतीतल्या ठशाशेजारी पाऊल टेकवलं.

त्या ठशालाही चारच बोटं होती.

तिथून पुढं कुत्र्याची पावलं नव्हती. माणसाची होती. कडेवर ओझं घेतल्यासारखी, खोल उमटलेली…