पवनचक्कीच्या पश्चिमेचं वर्तुळ

हे खरं घडलंय. ऑरेलियानं स्वतः मला सांगितलं, आणि ती उगाच बोलणारी बाई नव्हे. तो नकाशाही मी पाहिलाय. पुन्हा पाहायची इच्छा नाही.

न्यू मेक्सिकोचा कोरडा माळ. ऑक्टोबरातला मंगळवार. तिचे वडील एलिसेओ सकाळीच नव्यानं भाड्यानं घेतलेल्या कुरणात निघाले होते. सात गाई हरवल्या होत्या. त्यांचे डोळे अधू, म्हणून नकाशा ऑरेलिया वाचायची.

"एखादा उंचवटा सांग. वर चढून बघतो."

"पवनचक्कीच्या पश्चिमेला हे वर्तुळ आहे ना बाबा, ती टेकडीच."

"नीट बघितलंस? की डोकं अजून कादंबरीत?"

"तुमच्यापेक्षा बरं दिसतं मला!"

ते हसले. पेन्सिलीनं नकाशावर दोनदा टकटक केलं. निघताना नेहमी करायचे.

दुपारी धुळीचं वादळ उठलं.

नकाशावरच्या त्या वर्तुळाच्या आतल्या बाजूला बारीक दातेरी रेघा होत्या. तशा रेघा म्हणजे टेकडी नव्हे... खड्डा. त्या तिला दिसल्या, पण वडील त्या धुळीत घोड्यासकट आत कोसळून गेल्यावर.

लोकांना ती म्हणाली, "वाट त्यांनीच ठरवली."

सात आठवड्यांनंतरची दुपार. ऑरेलिया स्वयंपाकघरात होती.

टक... टक.

टेबलावर नकाशा उलगडलेला. तो तर तिनं पेटीत कुलूप लावून ठेवला होता.

पाण्याच्या पहिल्या टाकीवर पेन्सिलीची फुली. टाकी बघून झाली की बाबा अशीच मारायचे.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टाकीवर. मग पवनचक्कीवर.

"तूच मारली असशील गं, झोपेत," फेलीपाआत्या म्हणाली.

"पेन्सिल त्यांच्या खिशात होती, आत्या. तशीच पुरलीय."

आत्यानं छातीवर क्रूस काढला. पुन्हा त्या घरात आली नाही.

चौथ्या दुपारी वारा नव्हता. खिडक्या बंद होत्या. तरी टेबलावर धुळीचा थर...

टक... टक. या वेळी तिच्या खुर्चीमागे.

ती वळली नाही. नकाशावर नवी फुली नव्हती. पवनचक्कीपासून एक रेघ पश्चिमेला निघाली होती. वर्तुळाच्या अगदी कडेशी थांबली होती.

मानेवर घोड्याच्या घामाचा वास आला. कुणीतरी वाकून वाट बघत होतं... तिनं वाचून दाखवण्याची.

ऑरेलियानं बोट त्या दातेरी रेघांवर ठेवलं.

"पुढे जाऊ नका, बाबा. खड्डा आहे. मी नीट बघितलंच नव्हतं. वाट तुम्ही नाही, मी ठरवली होती."