निळे पंजे

"मित्राताई, हा बघ! बत्ताशा पुन्हा भिजून आला!"

आनंदने पांढऱ्या बोक्याला उचलून दाखवलं. त्याच्या पोटाला ओला चिखल! मे महिन्याच्या उन्हात अंगण चटके देत होतं आणि हा पठ्ठ्या घराखालच्या पोकळीतून चिखल घेऊन येत होता!

मित्रा, तिचा धाकटा भाऊ आनंद आणि मालेगावचा चुलतभाऊ प्रबुद्ध सुटीला नाशिकरोडच्या तात्याकाकांकडे आले होते. घर उंच जोत्यावर होतं आणि खाली सरपण ठेवायला बुटकी पोकळी. गेला महिनाभर वरची शहाबादी फरशी ओलसर लागत होती. गाद्यांना कुबट वास यायचा, भिंतींचे पोपडे निघायचे.

तात्यांनी गुन्हेगारही ठरवून टाकला होता. मागच्या खोलीतल्या कुसाबाई! त्या मोगऱ्याचे गजरे विकत आणि फुलं ताजी राहावीत म्हणून ओल्या फडक्यांत ठेवत.

"दिवसभर पाणी शिंपडतात, ते झिरपतं खाली. रविवारी खोली रिकामी करा!" असं तात्या सांगून मोकळे झाले होते. कुसाबाई मुकाट्याने गाठोडं बांधत होत्या. त्यांना दुसरं घर नव्हतं.

"फडकी भिजवून एवढा चिखल? मला नाही पटत!" मित्रा म्हणाली.

"तुला तर भूगोलाचा पेपरही पटला नव्हता!" प्रबुद्धने चिडवलं.

"गप रे! पाणी सांडतं दोनच ठिकाणी. कुसाबाईंच्या मोरीत, नाहीतर तात्यांच्या नव्या न्हाणीघरात. शोधू या!"

तात्यांना त्या न्हाणीघराचा भारी अभिमान! त्या काळी अशा गुळगुळीत फरशा आणि वरून पडणारा फवारा म्हणजे नवलच. पाहुणा आला की आधी न्हाणीघर दाखवायचं, मग चहाचं विचारायचं!

बेत ठरला. आनंदने कुसाबाईंच्या मोरीत लाल रंगाचं पाणी ओतलं. मित्राने न्हाणीघरात कपड्यांची नीळ कालवून बादल्या रिकाम्या केल्या. थोड्या वेळाने प्रबुद्धने पोकळीत बोंबलाचा तुकडा फेकला. बत्ताशा सुसाट आत!

"लाल निघाला तर?" आनंद कुजबुजला.

"तर कुसाबाईंची खोली गेली," मित्रा म्हणाली.

बोका मिशा चाटत बाहेर आला. चारही पंजे निळेशार!

"नीळ! नीळ!" तिघं नाचायलाच लागली.

आरडाओरडा ऐकून तात्या धावत आले. "अरे, बोक्याला रंगवलंत?"

"आम्ही नाही, तुमच्या न्हाणीघराने!" प्रबुद्ध म्हणाला.

तात्यांनी बॅटरी घेतली आणि ओणवे होऊन पोकळीत डोकं घातलं. आतून पडका आवाज आला, "अरेच्चा! पाइप गटारापर्यंत गेलेलाच नाही! मिस्त्रीला तुकडा कमी पडला होता. मी आणून देतो म्हणालो आणि... राहूनच गेलं!"

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या कपाळावर निळा टिळा होता! तात्यांच्या मागोमाग आलेल्या काकूंना हसू आवरेना.

"शाबास पोरांनो!" त्या म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी त्या बाईंना बोल लावला. खरं काय ते तुम्ही बघितलंत!"

तात्या कुसाबाईंच्या दाराशी गेले. "चुकलं माझं, कुसाबाई. खोली तुमचीच. सोडा ते गाठोडं."

कुसाबाई गाठोड्यावर हात ठेवून बसून राहिल्या. "आदी पाइप जोडा, तात्या. गाठोडं मंग सोडते. तुमी लय इसरता!"

सगळ्यांत मोठ्याने हसले ते तात्याच! आणि कपाळ न पुसताच सायकल काढून ते पाइप आणायला निघाले.