पेटीबाहेरच्या माश्या

ही गोष्ट २०५८ सालची. तेव्हा महाबळेश्वरच्या डोंगरउतारावरच्या वाड्यांमध्ये मधपेट्यांची तपासणी यंत्रमानव करत. उतेकरांच्या वाडीला जो यंत्रमानव यायचा, त्याचं नाव म्हणजे नुसते आकडे. बुटका आणि गोल म्हणून दहा वर्षांची ऋजुता त्याला ढब्बू म्हणायची. त्याला राग येत नसे. येत असला तरी तो दाखवत नसे.

मे संपत आला होता, रानातला फुलोरा सरला होता. एका सकाळी ऋजुताच्या पेटीसमोर मेलेल्या माश्या पसरलेल्या दिसल्या. ढब्बूनं त्या पाहिल्या आणि पेटीवर लाल पट्टी चिकटवली.

"रोग आहे, ताई. मी डिड्यूस केलं. संध्याकाळी पेटी जाळावी लागेल, नाहीतर शेजारच्या पेट्यांना लागण होईल."

ऋजुताचा चेहराच उतरला. या सातेरी जातीच्या माश्या तिनं आणि आबांनी, म्हणजे तिच्या आजोबांनी, जांभळाच्या ढोलीतून अलगद काढून आणल्या होत्या.

"माझ्या माश्या आजारी नाहीतच," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

आबा मधमाश्यांचे शास्त्रज्ञ. हाताला तेल लावून ते ओट्यावर फणस कापत बसले होते.

"कशावरून माहीत?"

"असंच."

"मग तू ॲझ्यूम केलंस (पुरावा नसताना एखादी गोष्ट धरून चालणं). मायेनं केलंस, पण केलंस तेच. आता ढब्बूला विचार, त्यानं काय केलं."

ढब्बू लगेच म्हणाला, "रोगी पेटीबाहेर मेलेल्या माश्या असतात. या पेटीबाहेर मेलेल्या माश्या आहेत. म्हणून ही पेटी रोगी."

"ऐकायला झकास. पाऊस पडला की अंगण भिजतं, हो ना? आज सकाळी आपलं अंगण ओलं होतं."

"ते आजीनं सडा घातला म्हणून," ऋजुताला हसू आलं.

ढब्बूचा दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला. "म्हणजे माश्या दुसऱ्या कारणानंही मरत असतील. मग मी डिड्यूस केलं नाही (पक्क्या गोष्टींवरून जे निघणारच, ते काढणं). मी इन्फर केलं (खुणा पाहून अंदाज बांधणं)."

"त्यात लाजायचं काय? शास्त्र त्यावरच पुढं जातं. फक्त अंदाज चुकू शकतो, म्हणून आणखी बघायचं. उठा आता. माझे हात चिकट आहेत."

ऋजुता पेटीसमोर पालथी पडली. मेलेल्या माश्या काळ्या, जाडजूड आणि भल्यामोठ्या डोळ्यांच्या होत्या. तिच्या सांगण्यावरून ढब्बूनं भिंग लावून एकेक उलटी करून पाहिली. डंख एकीलाही नव्हता.

"कामकरी माशीला डंख असतोच," ऋजुता सावकाश म्हणाली. "यांतल्या एकीलाही डंख नाही. म्हणून यांत कामकरी एकही नाही. हे डिड्यूस झालं ना, आबा?"

"झालं की."

"आणि एवढे मोठे डोळे नरांचेच असतात. रोग आला असता तर नुसते नरच कसे मेले असते?"

तेवढ्यात दोन कामकरी माश्यांनी एका धडधाकट नराला पंखाला धरून बाहेर ओढत आणलं आणि पेटीच्या दारासमोरच्या फळीवरून ढकलून दिलं.

"फुलं संपली. मध पावसाळाभर पुरवायचाय, म्हणून कामकरी माश्या नरांना हाकलतायत," ऋजुता म्हणाली. "हे मात्र मी इन्फर केलं हं. पेटी उघडून बघूया."

"बिचारे नर," ढब्बू म्हणाला.

"चार महिने बसून खाणारा पाहुणा तुला परवडेल का?" आबांनी विचारलं.

"मी स्वतःच खात नाही, आबा."

पेटी उघडली. अळ्या मोत्यासारख्या पांढऱ्या आणि टवटवीत होत्या, राणी निवांत अंडी घालत होती. रोगाची एकही खूण नव्हती. ढब्बूनं लाल पट्टी सोलून काढली आणि खालचा चिकटपणाही पुसून टाकला.

आबा त्यानंतर बरीच वर्षं जगले आणि शेवटपर्यंत ढब्बूशी वाद घालत राहिले. आणखी बघण्याच्या नादात ढब्बूचे अहवाल लांबत गेले. त्यासाठी वरिष्ठांची बोलणी बसली, पण त्यानं पुन्हा कुठली निरोगी पेटी जाळायला काढली नाही. त्या राणीच्या लेकी-नाती आज वाडीभर नांदतात. ऋजुता मोठी झाली आणि दुर्बिणींत रमली. एका दूरच्या ग्रहाच्या हवेत तिला काही खुणा सापडल्या आहेत. तिथं कुणीतरी श्वास घेत असावं, असं तिनं इन्फर केलंय. डिड्यूस हा शब्द तिनं अजून लिहिलेला नाही. ती रोज बघते आहे.